गिटारवर ठाणं लिहू की चीन?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक ठाण्याचे, वय चाळिशीच्या आसपास. दहा वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमध्ये एक छोटा गाळा घेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं इलेक्ट्रिक गिटार बनवायला सुरुवात केली. महिन्याला जेमतेम दोन व्हायच्या. पुढे पाठीचं दुखणं आलं, भाडं वाढलं, मागणीही वाढली. गेल्या दीड वर्षापासून बॉडी (गिटारचं धड) आणि नेक (मान) चीनमधल्या एका कारखान्यातून तयार येतात आणि पुढचं काम गाळ्यात होतं. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या चाव्या बसवलेल्या टोकावर, मात्र जुनीच अक्षरं आहेत: ‘ठाण्यात घडवलेली’. अशा ३४ गिटार प्रत्येकी ३८ हजारांना विकल्या गेल्या आहेत. मागच्या महिन्यात खारघरहून एक मुलगी वडिलांबरोबर नवी गिटार न्यायला आली. तिनं विचारलं, ‘‘काका, हे लाकूड तुम्ही इथेच कापलंत?’’ हे म्हणाले, ‘‘हो.’’ भागीदार असलेला मावसभाऊ म्हणतो, मोठ्या कंपन्या हेच करतात, तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस. हिशोब सांभाळणारी बायको म्हणते, खरं लिहून मोकळे व्हा. ‘खरं सांगितलं तर धंदा बसेल, नाही सांगितलं तर मला झोप नाही,’ असं त्यांनी लिहिलंय.

नमस्कार.

तुम्हाला उत्तर लिहायला बसण्याआधी मी एक गिटार उघडलेली पाहून आले. आमच्या नेरुळात एक दुरुस्ती करणारे गृहस्थ आहेत. त्यांना म्हटलं, मला नेक काढून दाखवा. त्यांनी तारा सैल केल्या, गिटार पालथी घातली, धातूच्या पट्टीतले चार स्क्रू काढले आणि नेक सुटून हातात आली. आत बोटाच्या पेराएवढी खोल चौकोनी खाच होती. तिच्या कडेला रंगाचा एक ओघळ होता आणि तळाशी निळ्या शाईत उमटवलेला एक आकडा. ‘‘हा कारखान्याचा,’’ ते म्हणाले. मग नेक माझ्या हातात देऊन तिच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या बारीक पट्ट्यांची, टोकं कातडीला लागत होती, बारीक दात्यांच्या करवतीसारखी. त्यांनी प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करनं रेघ ओढली आणि पॉलिश पेपर चिकटवलेली सरळ पट्टी वरून दोनदा फिरवली. उंच फ्रेटवरची शाई निघून गेली, खोल बसलेल्या फ्रेटवरची तशीच राहिली. ‘‘जिथे काळं राहिलंय तिथे तार बझ करणार, म्हणजे खरखरणार. आता बाकीच्या सगळ्या हिच्या पातळीला आणायच्या, मग एकेकीला परत गोलाई द्यायची.’’ मी निघाले तेव्हा त्यांचं हे काम निम्मंही झालं नव्हतं.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण तुमचं पत्रच आहे. त्यात दीड पान चीनबद्दल आहे आणि तुमच्या कामाबद्दल एकच ओळ: ‘बाकी फिनिशिंग आम्ही करतो.’ ही ‘बाकी’ म्हणजे काय, ते मी नेरुळात पाहिलं. तुम्ही ती पत्रात एका ओळीत उरकलीत आणि गिटारवर तर लिहिलीच नाहीत. तिथे लिहिलंत ते तुम्ही आता करत नसलेलं काम.

तुमचा पहिला प्रश्न आहे, हे खोटं ठरतं का. हो, ठरतं. मराठीत बनवणं, घडवणं, जोडणं, जुळवणं हे शब्द उगाच वेगवेगळे नाहीत. सोनार दागिना घडवतो. तयार साखळीला कडी बसवून देणाराही कामच करतो, त्याचे पैसेही आपण आनंदानं देतो, पण त्यानं साखळी घडवली असं कुणी म्हणत नाही. आणि त्या मुलीनं तर तुम्हाला गोलमाल उत्तराची जागाच ठेवली नव्हती. तिनं लाकडाबद्दल विचारलं, कापण्याबद्दल विचारलं, ‘इथेच का’ असं विचारलं. तुमची झोप उडाली आहे ती हेडस्टॉकवरच्या अक्षरांपेक्षा या ‘हो’मुळे, असं मला पत्रातून दिसतं. अक्षरं जुनीच होती, आपोआप चालत राहिली. ‘हो’ तुम्ही नव्यानं म्हणालात.

आता मावसभावाच्या म्हणण्याकडे येते, कारण तो टाळाटाळ करतोय असं मला वाटत नाही. तो म्हणतो ते अर्धं खरं आहे. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीनं १९८२ साली जपानमध्ये भागीदारीत कंपनी काढली आणि तिथल्या फुजिजेन कारखान्यात गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली. १९८७ साली मेक्सिकोत एन्सेनाडाला कारखाना उघडला. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीनं १९५७ साली विकत घेतलेल्या एपिफोनचं उत्पादन १९७० च्या सुमारास जपानला गेलं, नंतर कोरियाला आणि २००४ पासून चीनमधल्या चिंगदाओच्या स्वतःच्या कारखान्यात. पीआरएस या अमेरिकी कंपनीची एसई मालिका आधी कोरियात होत असे, २०१९ पासून इंडोनेशियात होते. तेव्हा बाहेर बनवून घेणं हा काही गुन्हा नाही, या धंद्यात तो निम्म्या शतकाचा रिवाज आहे.

पण मावसभावाला एवढंच विचारा की या कंपन्या गिटारवर लिहितात काय. मेक्सिकोतल्या फेंडरच्या हेडस्टॉकवर ‘मेड इन मेक्सिको’ असतं. एसईच्या हेडस्टॉकमागे ‘क्राफ्टेड इन इंडोनेशिया’ असतं. फेंडरनं बाहेरच्या स्वस्त गिटारसाठी ‘स्क्वायर’ हे वेगळं नावच पुढे आणलं, म्हणजे दुकानात शिरणाऱ्या पोराला दोन भिंतींवरच्या दोन किमतींचा अर्थ कळावा. या कंपन्या फार सज्जन आहेत असं मी म्हणत नाही. अमेरिकेत ‘मेड इन यूएसए’ लिहायचं तर माल ‘सर्व किंवा जवळजवळ सर्व’ तिथलाच असावा लागतो, आणि २०२१ पासून या निकषाला नियमाचं बळ आहे. म्हणजे काही अंशी कायद्याचा धाकही आहे. तरी फरक पडतो तो पडतोच. ते बाहेर बनवतात आणि तसं लिहितात. तुम्ही बाहेर बनवता आणि ठाणं लिहिता. मावसभावाला उदाहरण मोठ्या कंपन्यांचंच द्यायचं असेल, तर ते पूर्ण द्यायला हवं.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली दिसते. ती म्हणजे खरी गिटार एकाच गावची, एकाच हातची असते आणि तुमची आता भेसळीची झाली. हे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेतल्या कितीतरी गिटारच्या फिंगरबोर्डला आपल्या दक्षिणेकडची शिसवी असते. २०११ साली गिब्सनच्या कारखान्यांवर अमेरिकी सरकारचे छापे पडले ते भारतातून गेलेल्या शिसवी आणि एबनीच्या फळ्यांवरूनच, आणि २०१२ साली त्या कंपनीनं तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. म्हणजे गिब्सनच्या गावची, नॅशव्हिलची म्हणून मिरवणाऱ्या गिटारवर बोटं फिरतात ती आपल्याकडच्या लाकडावर.

हातांचंही तेच. १९५० च्या दशकात फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन कारखान्यात तादेओ गोमेझ नावाचे कारागीर नेक घडवायचे आणि नेकच्या टाचेवर, बॉडीत दडणाऱ्या भागावर, तारीख आणि ‘टीजी’ अशी आद्याक्षरं लिहून ठेवायचे. अॅबिगेल इबारा १९५६ पासून तिथे पिकअपला (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाला) तार गुंडाळायच्या, त्याही आपली खूण करायच्या. आज जुनी गिटार विकत घेणारे लोक चार स्क्रू काढून आधी ती आद्याक्षरं शोधतात. बाहेरून दिसतं ते कंपनीचं नाव, पण काम कुणी केलं हे आतल्या लाकडावर लिहिलेलं आहे.

हे वाचताना मला नेरुळातल्या त्या गिटारच्या खाचेतला निळा आकडा आठवला. तुमच्या चिनी कारखान्यातही कुणीतरी उभं राहून नेक घासली आहे. ‘ठाण्यात घडवलेली’ असं लिहिलं की ग्राहक फसतो हे तुम्हाला कळलं आहेच, पण त्या माणसाचं कामही आपण पुसून टाकतो. २००७ साली कोरियात कोर्ट या गिटार कंपनीनं इंचॉन आणि देजॉनचे कारखाने बंद केले आणि काम इंडोनेशिया-चीनकडे नेलं. त्या कारखान्यांतून बऱ्याच नामांकित पाश्चात्त्य नावांच्या गिटार निघत असत. कामावरून काढलेले कामगार आपल्या कामासाठी भांडत राहिले आणि तडजोड झाली ती २०१९ मध्ये. बारा वर्षं. त्यांनी बनवलेली गिटार घरात असलेल्या बहुतेकांना ही माणसं कोण, हेच कधी कळलं नसेल. म्हणून तुमच्या कारखान्यालाही चार प्रश्न विचारा. नेक कुठल्या विभागात होते, लाकूड कुठलं, तोच कारखाना बनवतो की तोही पुढे कुणाला देतो. उत्तरं द्यायला कां-कू करणारा कारखाना उद्या मालातही गोंधळ घालेल.

आता तुमची खरी भीती. ‘चीन लिहिलं की ३८ हजारांना कोण घेणार?’

जपानचंच पाहा. १९७० च्या दशकात अमेरिकेत जपानी गिटार म्हणजे स्वस्तातली नक्कल अशी समजूत होती. काही गिटारवर तर देशाचं नाव काढून टाकता येईल अशा स्टिकरवर असायचं. पुढे त्या नकला इतक्या चांगल्या होऊ लागल्या की फेंडरला जपानमध्येच जाऊन भागीदारी करावी लागली. १९८२ ते ८४ च्या त्या ‘जेव्ही’ क्रमांकाच्या स्क्वायर आज संग्राहक शोधून शोधून घेतात, आणि ‘मेड इन जपान’ हे तीन शब्द आता मानानं मिरवले जातात. कोरियाची गोष्टही थोडीफार अशीच झाली. देशाच्या नावाला जी पत येते ती कामामुळे, आणि कामाला पत येते ती ते कुणी उघडपणे आपलं म्हटलं की. लपवलेल्या देशाला पत कधीच येत नाही.

आणि तुम्ही तर नवी मुंबईच्या शेजारचे. वाशीच्या बाजारात दर एप्रिलमध्ये काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कर्नाटकचा आंबा कर्नाटकचा म्हणून घेणारी गिऱ्हाइकं भरपूर आहेत. भाव कमी, चव ठीक, कुणाची तक्रार नसते. तक्रार होते ती तोच आंबा देवगडच्या पेटीत, पेंढ्यात घालून विकला की. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते यासाठीच.

तरीही विक्री मुळीच घटणार नाही असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं जातील. एक अवघड हिशोब तुम्हाला करावाच लागेल: ३८ हजारांपैकी किती रुपये प्रत्यक्ष कामाचे आहेत आणि किती ‘ठाण्यात घडवलेली’ या दोन शब्दांचे? हातानं बनवत होतात तेव्हाची आणि आताची किंमत एकच आहे, असं तुम्हीच लिहिलंय. चीनहून आल्यावर खर्च उतरला, किंमत उतरली नाही. मधला फरक त्या शब्दांनी कमावला. वहिनी हिशोब बघतात, त्यांच्यासोबत बसून एका गिटारचे तास मांडा. फ्रेट ड्रेसिंगचे (मी नेरुळात पाहिलं ते काम) किती, नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती खाचांची पट्टी) कापण्याचे किती, पिकअप तुम्ही गाळ्यात गुंडाळता त्याचे किती, सोल्डरिंग, सेटअप, आणि वर्षभर फुकट करून देता त्या दुरुस्तीचे किती. त्यावर उभी राहते ती तुमची प्रामाणिक किंमत. कदाचित ती ३१ हजार येईल, कदाचित तुम्हाला आश्चर्य वाटेल आणि ३६ येईल.

कारण त्या तासांमध्ये जे आहे ते चीनचा कारखाना देऊच शकत नाही. जुलैत ठाण्याची हवा किती ओली असते! लाकूड ओल पितं, नेकचा वाक बदलतो, तारा वर जातात किंवा खाली बसून बझ करायला लागतात. मग ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या सळईचा, पाव फेरा. डिसेंबरात पुन्हा उलट. घोडबंदर रोडवरच्या एसी खोलीत झोपणारी गिटार आणि कळव्यातल्या उघड्या खिडकीशेजारची गिटार, दोघींना वेगळं बसवावं लागतं. हे तुम्हाला हातानं कळतं. हे विका ना, ठळक अक्षरांत.

मिरजेचा तानपुरा डोळ्यांसमोर आणा. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात. तरी तो मिरजेचाच, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा मिरजेत पिकला असं तिथे कुणी सांगत नाही. भोपळा निवडणं, लाकूड कोरणं, जोडणं आणि शेवटी घोडीवर जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारेचा स्वर खुलवणं, हे मिरजेचं. तारेखाली दोरा सरकवत, कान लावून, स्वर खुलेपर्यंत बसलेला कारागीर पाहिला की वाद्य कुठलं हा प्रश्नच पडत नाही. अर्थात फरक लक्षात घ्या, मिरजेत लाकूड कोरण्याचं कामही मिरजेतच होतं. तुमच्याकडे फक्त जवारीच्या तोडीचं काम उरलं आहे. तेवढंच सांगा, पण तेवढं नक्की सांगा.

पर्यायांकडे येते. तुम्ही पत्रात दोनच दिलेत, बोलायचं किंवा गप्प बसायचं. मधला एक तुमच्या मनात असणार, कारण तो सगळ्यांच्याच मनात येतो: अक्षरं गुपचूप काढून टाकायची, नुसतं ब्रँडचं नाव ठेवायचं, कुणी विचारलं तर बघू. हा मार्ग सभ्य दिसतो, पण तुमच्या बाबतीत चालणार नाही. तुमच्या पानावर फळीवर रंधा मारतानाचे जुने व्हिडिओ अजून आहेत. दहा वर्षं तुम्ही लोकांना एक चित्र दाखवलंत. आता गप्प राहिलात तर ते चित्रच तुमच्या वतीनं बोलत राहणार.

सगळं पूर्वीसारखं हातानं करणं हा दुसरा टोकाचा मार्ग. पाठ तुम्हाला परवानगी देत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

मला योग्य वाटतं ते असं. नावं दोन करा. एका नावाखाली गाळ्यात जोडलेल्या गिटार, त्यांवर सरळ मजकूर: ‘बॉडी, नेक: चीन. पिकअप, फ्रेट, वायरिंग, सेटअप: ठाणे.’ हे हेडस्टॉकच्या मागे, पुसलं न जाणाऱ्या अक्षरांत, लॅकरच्या खाली. बिलावर तेच आणि ऑनलाइन पानावर फोटोच्या शेजारीही तेच. ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे सुटे भाग’ असली वाक्यं नकोत, त्यांचा अर्थ सगळ्यांना कळतो. दुसऱ्या नावाखाली वर्षाला चार-पाच गिटार, पाठीला झेपतील तेवढ्याच, पहिल्या फळीपासून तुमच्या हातच्या. ‘घडवलेली’ हा शब्द फक्त त्यांच्यावर, सोबत तुमची आद्याक्षरं आणि तारीख नेकच्या टाचेवर. त्यांची किंमत ६० हजार असली तरी घेणारा घेईल, कारण आता तो शब्द स्वस्त राहिलेला नसेल.

एक तिसरी पायरीही चाचपून पाहा. नेक अवघड, ती बाहेरून येऊ दे. पण बॉडी ही शेवटी कापलेली जाड फळी आहे. रबाळे, तुर्भे, तुमचं वागळे इस्टेट, सगळीकडे फर्निचरवाल्यांकडे सीएनसी राउटर (संगणकावर चालणारी कापणीची यंत्रं) आहेत. शिवणीसारखं हलकं लाकूड त्यांना देऊन दहा बॉडी कापून घेतल्या तर खर्च किती येतो ते विचारा. जमलं तर त्या खारघरच्या मुलीच्या प्रश्नाला पुढच्या वर्षी ‘बॉडी इथेच, नेक चीनची’ असं उत्तर देता येईल.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण मावसभावाला मनाच्या टोचणीपेक्षा ते लवकर पटेल. ट्रेड मार्क कायदा, १९९९ नुसार मालाचं खोटं वर्णन करणं हा गुन्हा आहे, आणि माल कुठल्या जागी किंवा देशात बनला ही माहिती त्या वर्णनातच मोडते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकताना मूळ देश दाखवावा लागतो, आणि आयात केलेल्या पॅकबंद मालावर मूळ देश छापणं वैधमापनशास्त्राच्या नियमांतही आहे. तुमच्या मालाचे कागद न्हावा-शेवाला तुमच्याच नावानं आले आहेत. एखाद्या नाराज ग्राहकाला ते मागायला फार वेळ लागणार नाही. बाहेरचे भाग आणि इथली जुळणी असलेल्या मालावर नेमका कुठला मजकूर हवा, हे नव्या अक्षरांची ऑर्डर देण्याआधी एखाद्या जाणकार वकिलाला दाखवून घ्या. एका बैठकीचं काम आहे.

उरल्या त्या ३४ गिटार. प्रत्येकाला फोन करा. सरसकट मेसेज टाकू नका. सांगायचं एवढंच की नेक आणि बॉडी चीनची आहे, मी चुकीचं लिहिलं होतं, तुम्हाला परत करायची असेल तर पूर्ण पैसे देतो, ठेवायची असेल तर दोन वर्षं सेटअप माझ्याकडून. ३४ पैकी सगळे परत करतील ही भीती रात्री तीनला खरी वाटते, मला कळतं. पण ज्यांना गिटार हातात आवडली आहे ते सहसा ती सोडत नाहीत. तरी वहिनींना विचारून पाच-सहा गिटारचे पैसे बाजूला ठेवा, म्हणजे फोन करताना आवाज कापणार नाही. मावसभाऊ यात यायला तयार नसेल तर त्याला घाई करू नका, पण तुमच्या हातून निघणाऱ्या पुढच्या गिटारवर जुनी अक्षरं लावायची नाहीत हे आजच ठरवा. अक्षरांचा उरलेला शीट गाळ्यात ठेवू नका.

अशीच कोंडी असलेल्या इतर वाचकांनाही हे लागू आहे. बाहेरून चकल्या घेऊन ‘घरगुती’ म्हणून विकणाऱ्या ताई असोत किंवा सुरतेची साडी ‘येवल्याची’ म्हणून ठेवणारे दुकानदार, आपण स्वतः काय करतो याची यादी आधी करा. ती बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा लांब निघते. आणि गिटार घेणाऱ्यांनी हेडस्टॉकची मागची बाजू आणि नेकच्या जोडावरची पट्टी बघावी, ‘नेक कुठली, बॉडी कुठली’ असं वेगवेगळं विचारावं आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

चौतिसावा फोन नाही, पहिला फोन खारघरला करा. मुलीशी बोला, वडिलांशी नंतर. प्रश्न तिनं विचारला होता. तिला म्हणा, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं, लाकूड इथे कापलेलं नाही. आणि जमलं तर एखाद्या रविवारी तिला गाळ्यावर बोलवा, चार स्क्रू काढा, आतला आकडा दाखवा, मग तो मार्कर आणि ती पट्टी तिच्या हातात द्या.